राखायचा कोंबडा

कोरपन्याकडून मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी जाळीचे पिंजरे बांधून जो कोंबडीवाला आमच्या गावात येतो, त्याच्याइतका पारखी माणूस या पट्ट्यात मी पाहिलेला नाही. तो गाडीवरून उतरतही नाही. अंगणभर एकदा नजर फिरवतो आणि बोट दाखवतो: तो लाल उंच, ती काळी तलंग, तो मागचा. ज्या पक्ष्यावर बोट जातं तो त्या घरचा सगळ्यात जड आणि सगळ्यात निरोगी असतो. दुसरा पुढे केला की भाव पडतो. घरच्या बाईला पैसे त्याच दिवशी हवे असतात, म्हणून ती मुकाट्यानं तोच पकडून देते. पाय बांधले जातात, पिंजऱ्याचं दार लागतं आणि गाडी गडचांदूरच्या नाहीतर आदिलाबादच्या रस्त्याला लागते.

मागे राहतात ते वजन न धरलेले, उशिरा निघालेले, एखादं बोट वाकडं असलेले. पुढच्या हिवाळ्यातली पिल्लं त्यांचीच. सणवारही त्याच बाजूचे. आखाडीला मोठाच कोंबडा कापतात. दिवाळीत नाचाची दंडार घेऊन दुसऱ्या गावचे पाहुणे आले की त्यांच्यापुढे लहानखुऱ्या पक्ष्याचा रस्सा वाढायची लाज वाटते. देवालाही खोडीचा कोंबडा चालत नाही. आमच्याकडे सगळे म्हणतात, गावरान जात मुळात लहानच. असेलही. पण वरचा पक्षी विकून खालच्यावर बी धरायचं, हे इतक्या पिढ्या केल्यावर कुठली जात मोठी राहील, हा हिशेब कुणी मांडत नाही.

मी पशुसखी आहे. 'उमेद'च्या बचत गटांतून आम्हा काही जणींना शिकवून तयार केलं आहे: शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, कोंबड्यांना लस टोचायची, आजार हाताबाहेरचा दिसला तर डॉक्टरांना कळवायचं. कोंबड्यांत मुख्य भीती मानमोडीची, पुस्तकातला रानीखेत तो. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चार आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर टू बी टोचायची. लस थर्मासात बर्फावर न्यावी लागते आणि खुराडी उघडायच्या आत, पहाटेच गाठावं लागतं. एकदा कोंबड्या बाहेर पडल्या की कपाशीत शिरतात आणि मग गावभर धावाधाव. त्यामुळे गावातला जवळजवळ प्रत्येक पक्षी अंधुक उजेडात माझ्या हातातून जातो. डोळ्यांना दिसणारा पक्षी आणि हाताला लागणारा पक्षी यांत बरंच अंतर असतं. पिसं फुगवून तोऱ्यात फिरणारा कोंबडा हातात घेतला की छातीचं हाड सुरीच्या पात्यागत लागतं. आणि कोपऱ्यात दबून बसलेली मळकट तलंग उचलावी तर हात खाली जातो.

निवडीचा विचार माझ्या डोक्यात आला तो या पहाटेच्या कामातून.

परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजनांतून आमच्या भागात गिरिराज आणि वनराजाची पिल्लं आली. गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातला, वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातला. दोन्ही खास परसासाठी काढलेले, अंडी आणि मांस या दुहेरी उपयोगाचे. पक्षी चांगले, यात वाद नाही. आमची गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ती तीन-चार खेपांत. वनराजाची परसातही शंभराच्या पुढे जाते, आणि नर तीन महिन्यांत दीड किलोकडे झुकतो. अडचण दुसरीकडे आहे. त्या कोंबड्या खुडूक होत नाहीत, झाल्या तरी अंड्यांवर एकवीस दिवस टिकून बसत नाहीत. आणि त्या वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून आलेल्या असल्यामुळे त्यांची आपापसातली पिल्लं एकसारखी निघत नाहीत. काही आईसारखी, बरीचशी त्याहून खाली. विकण्यासाठी पाळायच्या तर घ्याव्यात, मी लोकांना तसंच सांगते. पण दरवर्षी नव्यानं पिल्लं आणायची सोय नसेल तर बी घरातच धरावं लागतं, आणि ते धरायचं कसं हे योजनेच्या कागदात नसतं.

शिवाय आमच्या घरात अंडी विकण्याला फारसा अर्थ नाही. एका अंड्याचे पैसे किती येणार? तेच कोंबडीखाली ठेवलं, पिल्लू झालं, वाढवलं, की आवारपूरच्या सिमेंट कॉलनीतले लोक गावरान म्हणून ब्रॉयलरपेक्षा कितीतरी चढ्या भावानं घेऊन जातात. म्हणजे अंडी आणि मांस यांच्यामध्ये तिसरा एक उपयोग बसलेला आहे: अंड्याचं पिल्लू करून ते जगवणं. उबवणी यंत्रावर चालणाऱ्यांना खुडूक कोंबडी म्हणजे तोटा, कारण ती बसते तेवढे दिवस अंडं देत नाही. आमच्यासाठी तीच यंत्र. ही गोष्ट मला प्रशिक्षणात कळली नाही, सासूबाईंनी सांगितली. मी वजनाच्या काट्यावर पिल्लं टांगत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "वजन काय चाटाचं हाये? पिल्लं घारीपासून वाचवणारी माय पायजे."

त्यांचं बरोबर होतं, पण पूर्ण नव्हे. चांगली आई राखायची आणि बाप मात्र जो उरेल तो, असं चाललं तर वजन कधीच वाढणार नाही.

निवड सुरू होते अंडी ठेवतानाच. चैत्र-वैशाखात आमच्या जिल्ह्यात पारा काही वर्षी ४७ अंशांच्या वर जातो. तेव्हा अंडं कोंबडीखाली न ठेवताही आतला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. पावसाळ्यात ओलीनं पिल्लांना रक्ती हगवण लागते. बी धरायची पिल्लं म्हणून कार्तिक ते पौष या दिवसांतलीच. जमलं तर दोन खुडूक कोंबड्या एकाच दिवशी बसवायच्या, प्रत्येकीखाली दहा-बारा अंडी. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडावर अंडी धरून रिकामी काढून टाकायची आणि उरलेली पुन्हा कोंबडीखाली मांडून ठेवायची. एकाच दिवशी बसवण्याचं कारण असं, की तुलना फक्त बरोबरीच्या वयाच्या पिल्लांत करता येते. पंधरा दिवसांच्या फरकानं निघालेल्या दोन पिल्लांपैकी मोठं कुठलं, या प्रश्नाला अर्थ नाही. तरी गावात निवड म्हणून होते ती बहुतेक अशीच.

पिल्लं ओळखू यावीत म्हणून पायात कडी घालते. विजेच्या वायरचं रंगीत प्लास्टिक सोलून त्याचे वेटोळे केले की फुकटात होते. एका आईच्या पिल्लांना एक रंग. पाय जाड होत जातो तशी कडी बदलावी लागते. विसरलं तर ती मांसात रुतते.

आठव्या आठवड्यात पहिली छाननी. लस टोचायला पक्षी हातात येतोच, तेव्हाच सगळं पाहून होतं. आधी जे राखायचंच नाही ते बाजूला: चोच तिरपी, बोटं मुडपलेली, गुडघे आत वळलेले, एक डोळा निस्तेज. मग अंगठा छातीच्या हाडावरून पुढून मागे न्यायचा. हाड लांब आणि सरळ हवं, कारण मांस त्यावरच बसणार. (हाड वाकडं निघालं म्हणून दर वेळी आईबापांना दोष देऊ नये. पिल्लू लहानपणीच बारीक काठीवर बसायला लागलं किंवा त्याला चुना कमी पडला तरी हाड वाकतं.) नंतर तळहात पाठीवर. खांद्यांशी रुंद आणि शेपटीकडेही फारशी न निमुळती होणारी पाठ चांगली. खांद्यांमागे एकदम अरुंद झालेली पाठ पुढे भरत नाही. डोक्याची कवटी डोळ्यांच्या वर रुंद आहे का तेही बघते. आधी हे मला खुळचट वाटायचं. आता वाटत नाही, रुंद डोक्याच्या पिल्लांचं अंगही रुंद निघतं. शेवटी जमिनीवर उभं करून समोरून पाहायचं. दोन पायांमध्ये जागा हवी.

आठ आठवड्यांत सगळ्यात फसवं काही असेल तर तो लवकर तुरा लाल झालेला नर. बाकीचे चिवचिवत असतात तेव्हा हा आरवायचा प्रयत्न करतो, भावंडांना हुसकतो, दाण्यावर पहिला. घरातल्या पोरांचा लाडका तोच. वजनातही त्या दिवशी तोच पुढे असू शकतो. पण लवकर वयात आलेला नर वाढायचाही बऱ्याचदा लवकर थांबतो, आणि चौथ्या महिन्यात त्याच्याच पाठचा, लांब जाड पायांचा, थोडा बावळट दिसणारा भाऊ त्याला मागे टाकतो. म्हणून मी आठव्या आठवड्यात फक्त काढून टाकायचे ठरवते. राखायचा कोण हे तेव्हा ठरवत नाही. चौथ्या महिन्यात पुन्हा काटा लावते.

नरांना आणि माद्यांना एकच माप लावून चालत नाही. अंगाचं वजन आईबापांकडून पिल्लांत बऱ्यापैकी उतरतं, त्यामुळे नराची वाढ बघून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. अंड्यांची संख्या तशी उतरत नाही. त्यात दाणा, ऊन, आजार, मालकीण सगळं मिसळलेलं असतं. आणि दोन्ही गुण एकमेकांना ओढतात, फार जड होणारी कोंबडी अंडी कमी देते. त्यामुळे तलंगांमध्ये सगळ्यात जड ती मी राखत नाही, मधली राखते. तिच्याबद्दलचा निर्णयही पहिली खेप घालून झाल्याशिवाय घेत नाही.

इथे सासूबाईंची आणि माझी पद्धत वेगळी पडते. माझ्याकडे वही आहे. त्यांना वही लागत नाही. कुठली कोंबडी कुणाची नात, तिची आजी कुठल्या वर्षी मुंगसावर धावून गेली होती, हे त्या चूल फुंकता फुंकता सांगतात. पण कुठली कोंबडी आत्ता अंड्यावर आहे आणि कुठली फुकट दाणे खाते, हे सांगायला वही नको आणि आठवणही नको, बोटं पुरतात. कोंबडीच्या मागच्या बाजूला, अंडं बाहेर येतं त्या वाटेच्या दोन्ही अंगांना दोन बारीक हाडं असतात. त्यांत दोन-तीन बोटं मावली आणि हाडांची टोकं लवचिक लागली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट शिरलं आणि टोकं टणक, तर बंद. आमच्याकडच्या म्हाताऱ्या हे पूर्वीपासून करत आल्या आहेत. अमेरिकेत वॉल्टर होगन नावाच्या माणसानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच माप व्यवस्थित मांडून 'द कॉल ऑफ द हेन' हे पुस्तक लिहिलं आणि तिकडे ते त्याच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

दुसरी खूण पायांच्या रंगाची, आणि ती मला फार आवडते. पिवळ्या पायांची कोंबडी अंड्यावर आली की मक्यातून, हिरव्या पाल्यातून येणारा पिवळा रंग बलकात जायला लागतो आणि अंगावरचा उतरतो. आधी मागची वाट फिकी पडते, मग डोळ्याभोवतीचं कडं, मग चोच मुळाकडून टोकाकडे, आणि सगळ्यात शेवटी पाय. अंडी थांबली की रंग याच क्रमानं परत येतो. म्हणजे पाय पांढुरके पडलेली कोंबडी बरेच महिने नेटानं अंडी देत आली आहे. आता गंमत अशी, की बाजारात अशीच कोंबडी 'बिमार दिसते' म्हणून कमी भावात मागतात आणि पिवळेधमक पायांची आळशी कोंबडी चढ्या भावात जाते. मी या वेडेपणाबद्दल तक्रार करत नाही. पांढुरक्या पायांच्या माझ्या दोन चांगल्या कोंबड्या शेजारच्या गावातून त्याच भावात आलेल्या आहेत.

या पिवळ्या पायांचं मूळही इथल्याच जंगलांतलं. पाळीव कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली हे जुनं ज्ञान. पण २००८ साली स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिवळ्या कातडीचा गुण राखाडी रानकोंबड्याकडून आला. हा पक्षी फक्त भारतात सापडतो. आमच्या जिल्ह्यात ताडोब्यात गेलात तर रस्त्याकडेला दिसतो.

आता कोंबड्याकडे येते. एका कोंबड्यावर आठ-दहा कोंबड्या असतात, म्हणजे पुढच्या पिढीचं अर्धं रक्त एकट्या त्याचं. वजन त्याचं स्वतःचं मोजता येतं. अंडी तो घालत नाही, म्हणून त्या बाजूनं त्याची आई आणि बहिणी बघायच्या. आईनं खेपेला किती अंडी घातली, किती पिल्लं दोन महिन्यांपर्यंत आणली, याची नोंद नसेल तर कोंबडा कितीही देखणा असो, अर्धीच माहिती हातात आहे. स्वभावही बघते. माणसावर, विशेषतः लहान पोरांवर झेपावणारा नर मी ठेवत नाही. रागीट कोंबडा पिल्लं राखतो असं लोक म्हणतात. मला तसं काही दिसलेलं नाही. पिल्लं आई राखते.

आणि घरचा कोंबडा घरच्याच बहिणींवर ठेवायचा नाही. इथे मला आमच्या लोकांचं नवल वाटतं. सोयरीक करताना कूळ, देव, सगे सगळं तपासून घेणारी माणसं. पण खुराड्यात बाप-लेकी, भाऊ-बहिणी वर्षानुवर्षं एकत्र. मग अंडी रिकामी निघू लागतात, पिल्लं लुळी निघतात आणि दोष कोंबडी बसवणारीच्या नजरेला जातो. मी दर दोन वर्षांनी नर बदलते. मागचा जिवतीच्या डोंगरातल्या एका कोलामगुड्यावरून आणला. म्हाताऱ्यानं पैसे घेतले नाहीत. "पुढच्या साली याचा पोट्टा आणून दे," एवढंच बोलला. दिला.

चांगले नर गावातून नेणारं आणखी एक गिऱ्हाईक आहे, आणि ते कोंबडीवाल्यापेक्षा जास्त पैसे देतं. कोंबडबाजार हा शब्द चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्तमानपत्रांत पोलिसांच्या छाप्याच्या बातमीसोबतच वाचायला मिळतो. पायाला धारदार काती बांधून कोंबडे झुंजवणं आणि त्यावर पैसे लावणं. प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी हिवाळ्यात ओढ्याकाठच्या झाडीत ते चालतं. उंच, धीट, भरल्या मांड्यांचा नर दिसला की त्याची मागणी तिकडून येते. त्याच वाटेनं उलट दिशेनं असीलचं रक्तही गावांत आलं आहे. असीलचा नर घेतला तर पिल्लांची हाडं जाड होतात, मांस चढतं, आई म्हणूनही त्या माद्या चांगल्या. पण अंडी फार थोडी, आणि पिल्लं महिन्याची झाली नाहीत तोच एकमेकांची डोकी फोडतात. चमचाभर घ्यावं असं ते रक्त आहे. आमच्या गावात एकानं हौसेनं सगळा कळपच तसा केला आणि आता त्याच्याकडे अंडं मागायला गेलं तर मिळत नाही.

रंगाचं मी थोडक्यात सांगते. पांढरं पिल्लू घारीला आणि शिक्र्याला लांबून दिसतं, म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर तपकिरी ठिपक्यांचं राखावं. उघड्या मानेची कोंबडी कुणाला आवडत नाही, कुरूप दिसते. पण तिच्या अंगावर पिसं कमी, त्यामुळे आमच्या उन्हाळ्यात ती धापा कमी टाकते, आणि हा गुण एका पालकाकडूनही पिल्लात उतरतो. मी तिच्या दोन लेकी मुद्दाम राखल्या आहेत. उलट्या पिसांच्या पक्ष्याला भगताकडून मिळणारा भाव ऐकला तर कुणीही उलट्या पिसांचाच कळप करील. तो धंदा वेगळा.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत बर्ड फ्लू निघाला. असा रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी नष्ट करतात, गावरान असो की योजनेतले. रोग पसरू नये म्हणून ते करावंच लागतं. पण ती बातमी वाचल्यापासून माझ्या ध्यानात आलं, की वर्षानुवर्षं निवडून आणलेलं बी एकाच अंगणात ठेवणं धोक्याचं आहे. तेव्हापासून राखीव पिल्लांतली काही बटईनं देते: पिल्लू माझं, दाणा-राखण त्यांची, पुढची पिल्लं निम्मी-निम्मी. दोन घरं याच गावात आहेत, एक नणंदेचं, नारंड्याच्या पलीकडे. बटईला देताना एकच अट घालते, कडीचा पक्षी मला विचारल्याशिवाय विकायचा नाही. सगळ्याच पाळतात असं नाही, आणि मी भांडतही नाही. घरात ताप आलेलं मूल असताना पायातली कडी कोण बघत बसणार.

यंदा मार्गशीर्षातल्या पिल्लांतून दोन नर उरले आहेत, निळा आणि लाल. निळा काट्यावर सरळ पुढे आहे, छाती रुंद, पाय जाड. लाल थोडा हलका, पण त्याच्या आईनं या हिवाळ्यात गावात सगळ्यात जास्त पिल्लं वाचवली. सासूबाईंचं मत लालच्या बाजूनं आहे, आणि त्या ते दिवसातून दोनदा सांगतात. दोघं एका अंगणात राहीनात, रक्तबंबाळ होऊ लागले, म्हणून निळा सध्या नणंदेकडे आहे. निकाल लागेल तो त्यांच्या बहिणी अंड्यावर आल्यावर, म्हणजे ज्येष्ठ संपता संपता. आणि ज्येष्ठ संपला की आखाडी. घरात दोन भरलेले कोंबडे असताना बाहेरून मटण आणायचं म्हणजे दिरांच्या कपाळावर आठी पडणार, म्हणून गडचांदूरच्या दुकानात मी आत्तापासूनच दोन ब्रॉयलर सांगून ठेवले आहेत. घरी ते अजून कुणाला बोललेले नाही.